कोकणात जुन्या जातींचे गुलाब: सुरुवात कशाने करावी

फोटो बघून गॅलिका किंवा अल्बा हे जुने युरोपी गुलाब मागवू नका. त्यांना कडक थंडी लागते. आपल्याकडे पानं येतील, फूल येणार नाही. नव्या माणसाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

पहिलं झाड ‘ओल्ड ब्लश’ घ्या. ही चायना जात (मूळ चीनकडच्या जुन्या गुलाबांपैकी) फिकट गुलाबी, वास हलका; पण उष्णता सोसते आणि पुन्हापुन्हा फुलते. गडद लाल हवा तर ‘लुई फिलिप’ (१८३४ सालचा). वासासाठी आपला गावठी गुलाबच लावा, फूल लहान असलं तरी. ‘सुव्हेनिर द ला माल्मेझों’ (१८४३) सुंदर खरा, पण दमट हवेत कळी उघडतच नाही: बाहेरच्या पाकळ्या भिजल्या कागदासारख्या चिकटून तपकिरी होतात. तो दुसऱ्या वर्षी बघू.

लावणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दीड फूट खड्डा, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग नदीची वाळू. समुद्राची वाळू नको, मीठ मुळांना मारतं. वाफा फूटभर उंच हवा, नाहीतर जुलैत मुळं कुजतात.

नेहमीच्या चुका:
- कलमाचा सांधा मातीत पुरणं. सांध्याखालून फुटलेला फुटवा मुळाशी ओढून काढा. नुसता कापला तर परत येतो.
- संध्याकाळी पानांवर पाणी मारणं. काळे ठिपके त्यानेच वाढतात. सकाळी, बुंध्याशी घाला.
- हायब्रिड टीसारखी (फुलवाल्याकडे मिळतात त्या लांब देठाच्या आधुनिक गुलाबांसारखी) खरड छाटणी. चायना जातीचा जेमतेम तिसरा हिस्सा काढा.

खतं-फवारण्यांचं नंतर. आधी दोनच झाडं लावा आणि एक पावसाळा जगवून दाखवा, नक्की जमेल.