मायक्रोसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली धातूचं स्ट्रक्चर बघण्यासाठी) पॉलिश केलेल्या सॅम्पलची क्वालिटी रिपोर्टमध्ये कशी लिहावी?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये नवीन आहात, ग्राहक सॅम्पलच्या पॉलिशची क्वालिटी लिहून मागतोय, तर ‘मिरर फिनिश’ लिहून पुढे आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा सरासरी आकडा) टाकला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते नाही. नुसत्या डोळ्यांना आरसा वाटणारं सॅम्पल १००एक्सला नांगरलेल्या रानासारखं दिसू शकतं. आरए मोजणाऱ्या सुईचं टोकच साधारण २ ते ५ मायक्रॉन त्रिज्येचं. १ मायक्रॉनच्या डायमंड पेस्टचे ओरखडे तिला काय लागणार! शिवाय तो सरासरी आकडा. खड्डा ग्राफाइट (बिडातला मोकळा कार्बन) उपटल्याचा की कास्टिंगमधल्या पोरॉसिटीचा (छिद्रांचा), हे त्यात कुठे दिसतं?

त्यापेक्षा काय दिसतं ते लिहा, आणि किती मॅग्निफिकेशनला तेही लिहा. उदाहरणार्थ: ‘एचिंगआधी, १००एक्स: ओरखडे नाहीत, ग्राफाइट जागेवर, कडेला किंचित गोलाई.’ (एचिंग म्हणजे स्ट्रक्चर उठून दिसावं म्हणून सॅम्पलला रसायन लावणं.) ग्राहकाला एवढं पुरतं.

बिडात खरी मेख ग्राफाइटची. ते शाबूत असेल तर करडं दिसतं, उपटलं गेलं असेल तर काळाकुट्ट खड्डा. एस.जी. आयर्नमध्ये (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या, म्हणजे नोड्यूलच्या रूपात असतं ते बीड) शंका आली तर क्रॉस पोलराइज्ड प्रकाशात बघा: शाबूत नोड्यूल उजळ दिसतो आणि त्यावर काळी फुली उमटते, रिकामा खड्डा काळाच राहतो. याच्या उलटही होतं. मऊ फेराइट (बिडातला जवळपास शुद्ध लोखंडाचा भाग) ग्राफाइटवर सारवलं जातं आणि नोड्यूल आहे त्यापेक्षा लहान दिसतो. अशा वेळी हलकं नायटल (एचिंगसाठीचं नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावून पुन्हा पॉलिश करा, मग मोजा. नाहीतर नोड्यूलॅरिटीचा (किती ग्राफाइट गोल आहे त्याचा) आकडा सॅम्पलचा नसून तुमच्या पॉलिशिंगचा असतो.

ओरखडे सगळे एकाच दिशेने असतील तर आधीच्या एमरी पेपरचे राहिलेत. पेपर बदलताना सॅम्पल ९० अंशात फिरवलं नसेल. खड्ड्यामागे धूमकेतूसारखी शेपटी दिसली तर डिस्कवर सॅम्पल एकाच बाजूने धरलं गेलंय. मखमली कापडावर जास्त वेळ घासलं की फॉस्फाइडसारखे कठीण भाग वर उठून राहतात, तेही नोंदवा.

फोटो मात्र पॉलिश झाल्या झाल्या काढा. धुतल्यावर अल्कोहोल मारून गरम हवेत वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बिडाला डाग पडायला वेळ लागत नाही, आणि तो डाग ग्राहकाला स्ट्रक्चर वाटतो.