प्रायव्हेट युनिव्हर्सिटी 'एफिशियंट' आहे म्हणून पाचपट फी भरायची का?

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलीला सरकारी आणि प्रायव्हेट दोन्हीकडे सेम ब्रँच मिळतेय, कोर्स चार वर्षांचा, प्रायव्हेटची फी पाचपट आणि तिथले काउन्सेलर म्हणाले की सरकारीत सगळं लांबतं, आमचा कारभार एफिशियंट आहे, पोरं वेळेत बाहेर पडतात. तर वरचे पैसे लोन काढून भरावे का, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या या कारणासाठी लोन काढू नका, हे आधीच सांगतो.

आता हे एफिशियंट म्हणजे नक्की काय ते बघा. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या संशोधकांनी डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस नावाची पद्धत मांडली, त्यात संस्थेत काय घातलं आणि त्यातून काय निघालं याची तुलना होते, युनिव्हर्सिट्याही तशाच मोजतात. पण काय मोजायला घेतलं त्यावर निकाल फिरतो, नुसत्या डिग्र्या मोजल्या तर एक संस्था पुढे आणि रिसर्च धरला तर दुसरीच. शिवाय एका वर्गात दुप्पट पोरं बसवली की माणशी खर्च कमी होतो, कागदावर एफिशियन्सी वाढते, आणि तुमची मुलगी मात्र लेक्चर संपल्यावर शंका विचारायला लाइनीत उभी. संस्थेचा खर्च वाचला म्हणून तुमचा वाचत नाही ताई.

सरकारीची फी कमी असते कारण खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं, शिक्षण स्वस्तातलं असतं म्हणून नाही. अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९८० मध्येच लिहून ठेवलंय की कॉलेजं मिळेल तेवढा पैसा गोळा करतात आणि गोळा केला तेवढा खर्च करतात. म्हणजे मोठ्या फीवरून क्वालिटी ठरवता येत नाही.

आता तुमचं गणित, आकडे फक्त तुलनेसाठी. सरकारीची वर्षाची फी २० धरा, प्रायव्हेटची १००. चार वर्षांत फरक ३२०. तो १० टक्क्यांनी दहा वर्षांच्या लोनवर घेतला तर साधारण ५०७ परत जातात, शिकतानाचं व्याज वेगळंच. हप्ते वर्षाला जवळपास ५१. सरकारीतून निघून पहिला पगार वर्षाला १५० मिळणार असेल, तर प्रायव्हेटमधून तिला एक तृतीयांश जास्त मिळायला हवा, तेव्हा कुठे हप्ते जाऊन बरोबरी.

आणि लांबण्याचं म्हणाल तर सरकारीत एक वर्ष वाया गेलं तरी गेलेला पगार १५० आणि जादा फी २०, मिळून १७० (राहण्याखाण्याचा खर्च सोडून). ३२० ची बरोबरी व्हायला जवळजवळ दोन वर्षं लांबायला हवं.

पगार तर पोरांवरही अवलंबून असतो. डेल आणि क्रुगर या संशोधकांनी २००२ च्या अभ्यासात अमेरिकेत ज्यांना त्याच त्या कॉलेजांनी घेतलं आणि त्याच त्या कॉलेजांनी नाकारलं अशी पोरं एकमेकांशी ताडून पाहिली, तर जास्त नावाजलेल्या कॉलेजात गेलेल्यांचा पगार सरासरीत काही वेगळा निघाला नाही, फायदा दिसला तो गरीब घरातल्यांना. तो सरकारी विरुद्ध प्रायव्हेट असा अभ्यास नाही, पण हुशार मूल आत घेतलं की श्रेय संस्था घेते हे त्यातून कळतं.

एक काम करा. दोन्हीकडून त्याच ब्रँचचा आकडा लेखी मागा, एका बॅचला किती आत आले आणि त्यातले किती ठरल्या वेळेत पास झाले. फायनल इयरच्या रिझल्टचा टक्का दाखवतील तर तो घेऊ नका, मधे गळलेले त्यात नसतात. पॅकेजही सगळ्यात मोठं नको, पगाराच्या क्रमाने रांग लावली तर बरोब्बर मधे येणाऱ्या मुलाचं विचारा. सरकारीत खरंच दीड-दोन वर्षं लांबतंय असं निघालं तर मला परत लिहा, मग हिशोब नव्याने मांडू.