सारखं आपलं 'मी जाडी झालेय'

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची, डॉक्टर म्हणतात वजन नॉर्मल आहे, पण सारखी आरशासमोर उभी राहून 'मी जाडी झालेय' म्हणते आणि रात्रीचं जेवण टाळते. रागावू का?

उत्तर: नका हो रागावू, मग ती फक्त लपवायला शिकेल. या वयात मांड्या-कंबर भरणं हा वाढीचाच भाग आहे, हे तिला बहुतेक कुणी सांगितलेलंच नसतं. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) चार्टही तिला लावू नका, मुलामुलींचा वयानुसार वेगळा बघतात. घरात कुणाच्याच वजनावर कमेंट नको, अगदी स्वतःच्याही (जड जातं, माहितीये!). पण वजन झपाट्याने उतरतंय, पाळी थांबलीये, चक्कर येते किंवा जेवल्याजेवल्या बाथरूममध्ये जाऊन उलट्या काढते असं दिसलं तर वाट बघू नका, डॉक्टर आणि काउन्सेलर दोघांकडेही न्या.