वाईट बातमी मालकापर्यंत का पोहोचत नाही?

‘मी सगळ्यांना मोकळेपणाने बोलायला सांगतो, तरी कारखान्यात कोणी तोंड उघडत नाही. माझा वडिलांसारखा दरारा नाही म्हणून असे होते का?’ हा प्रश्न कोल्हापुरातील दुसऱ्या पिढीच्या उद्योजकांकडून मला वारंवार ऐकायला मिळतो. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्याच्या, तरुण संचालकांनीही तो विचारला. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून त्यांचा अनुभव येथे मांडत आहे.

पुण्यातील नोकरी सोडून ते वडिलांच्या व्यवसायात आले, त्यांनी सूचनापेटी बसवली, भिंतीवर मूल्यांचे फलक लावले आणि दरमहा सभा घेण्यास सुरुवात केली. तरीही साच्याच्या वाळूतील ओलावा वाढलेला असताना ओतलेले कास्टिंग तसेच पुढे गेले आणि त्यातील छिद्रे ग्राहकाकडे मशिनिंग करताना उघडी पडली. पाळीवरच्या सुपरवायझरला आधीच शंका आली होती, पण तो गप्प राहिला होता. “मॅडम, मी कुणावर ओरडतसुद्धा नाही. ही माणसंच तशी आहेत,” असे ते खिन्नपणे म्हणाले.

यापूर्वी कोणी स्वतःहून चूक सांगायला आले तेव्हा त्यांच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघाले, एवढेच मी त्यांना विचारले. बराच वेळ आठवून ते म्हणाले, “पाळीवर कोण होतं?”

त्यांचा स्वर सौम्य असेलही, पण कामगाराला त्यातून गुन्हेगाराचा शोध सुरू झाल्याचेच समजते. त्यात बोनस ओतलेल्या टनांवर ठरत होता. म्हणजे शंका आली म्हणून ओतकाम थांबवणाऱ्याचे स्वतःचे आणि सोबत्यांचेही पैसे बुडत होते. फलक काहीही सांगत असला, तरी माणसे शहाणपणाने बोनसचा नियमच वाचत होती.

‘माणसंच तशी’ या समजुतीबद्दल मी त्यांना कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या मोटार कारखान्याची हकिकत सांगितली. गैरहजेरी आणि संघर्षासाठी कुप्रसिद्ध असलेला हा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला आणि १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच होते. मात्र आता अडचण दिसताच दोरी ओढण्याचा, गरज पडल्यास संपूर्ण लाइन थांबवण्याचा अधिकार त्यांना होता, आणि दोरी ओढली की गटप्रमुख मदतीला येत असे. गुणवत्ता लवकरच सुधारली.

आपल्या शहराला तर हे नव्याने शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्यतेविरुद्ध आदेश काढले, पण तेवढ्यावर न थांबता गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढण्यास मदत करून ते स्वतः तेथे चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. राजा स्वतः काय करतो, हे लोकांना रस्त्यावर दिसत होते.

खरी कठीण बैठक वडिलांसोबतची होती. कामगार त्यांना ‘आबा’ म्हणतात आणि रजा असो वा उचल, थेट त्यांच्याकडेच जातात. मुलाची सुधारणा म्हणजे आपल्या आयुष्यभराच्या पद्धतीवर ठपका आहे, असे त्यांना वाटत होते. एक भट्टी फुकट गेली तरी कर्जाचा हप्ता चुकायचा, त्या काळात त्यांचा धाक घडला होता, आणि हे मुलाने त्यांच्यासमोर मान्य करणे मला अत्यावश्यक वाटले. ते मान्य झाल्यावर आबांनी एकच गोष्ट कबूल केली: रजेचे अर्ज यापुढे मुलाकडे जातील. मला तेवढे पुरेसे वाटले.

पुढे संचालकांनी पहिला प्रश्न बदलला. “मामा, काय दिसलं? आता काय करूया?” असे ते ज्येष्ठ मिस्त्रींना विचारू लागले. बोनस चांगल्या निघालेल्या कास्टिंगवर ठरू लागला. त्यानंतर नोंदवलेले रिजेक्शन, म्हणजे कारखान्यातच नापास ठरलेला माल, चक्क वाढले आणि ते घाबरून माझ्याकडे आले. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करताना असेच आढळले होते: चांगले नेतृत्व आणि मोकळे वातावरण असलेल्या गटांत चुकांची नोंद अधिक होती, कारण तेथे चुका दडवल्या जात नव्हत्या. ग्राहकाकडून परत येणाऱ्या मालाचा आकडा वेगळा ठेवा, असे मी सुचवले. काही महिन्यांत तो उतरू लागला. एक जुना सुपरवायझर मात्र हे न पटल्याने काम सोडून गेला, आणि त्याचे दुःख आबांना अजून आहे.

मग शिस्त सोडायची का, असे अनेकजण विचारतात. अजिबात नाही. सांगूनही संरक्षक चष्म्याशिवाय भट्टीजवळ जाणाऱ्यावर आणि माहीत असलेला दोष दडवणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. फक्त ती कशासाठी होईल आणि कशासाठी होणार नाही, हे पाळी सुरू होण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.