साध्या टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेटवर स्टिरिओआयसोमर (अणूंची जोडणी सारखी, पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेले रेणू) वेगळे होतात का?

हो, सिस-ट्रान्स जोड्या (गट दुहेरी बंधाच्या एकाच किंवा विरुद्ध बाजूंना) आणि इतर डायस्टिरिओमर (एकमेकांची आरशातली प्रतिमा नसलेले स्टिरिओआयसोमर) साध्या सिलिका प्लेटवर बहुधा वेगळे होतात. एनॅन्शिओमर (एकमेकांवर न जुळणाऱ्या आरशातल्या प्रतिमा) मात्र होत नाहीत. सिलिका पदार्थाला त्याच्या ध्रुवीयतेनुसार आणि आकारानुसार धरून ठेवते आणि एनॅन्शिओमरच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी तिच्या दृष्टीने सारख्याच असतात.

प्रॅक्टिकलला मी अ‍ॅझोबेन्झिन घ्यायला लावते, कारण ते रंगीत आहे आणि यूव्ही दिवाही लागत नाही. टोल्युइनमधल्या द्रावणाचा ठिपका केशनळीने पेन्सिलच्या रेषेवर द्या आणि प्लेट तासभर उन्हात ठेवा. मग शेजारी ताज्या द्रावणाचा दुसरा ठिपका देऊन ९:१ हेक्झेन-इथिल अ‍ॅसिटेटमध्ये प्लेट लगेच उभी करा आणि द्रावक वर चढू द्या. बीकरला फॉइल गुंडाळा, नाहीतर ताजा ठिपकाही प्रकाशाने बदलायला लागतो. ताज्या ठिपक्याचा जवळजवळ एकच पिवळा-नारिंगी डाग वर जातो, तो ट्रान्स. उन्हातल्या ठिपक्याचे दोन डाग होतात आणि खाली रेंगाळलेला तो सिस. ट्रान्सचा द्विध्रुव आघूर्ण (ध्रुवीयतेचं माप, एकक डिबाय) शून्य, तर सिसचा सुमारे ३ डिबाय असल्याने सिलिका सिसला घट्ट पकडते. अ‍ॅझोबेन्झिन विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घालून फ्युम हूडमध्येच काम करा.

एकच डाग दिसला म्हणून नमुना एकाच एनॅन्शिओमरचा आहे असं कृपया लिहू नका. रॅसेमिक (दोन्ही एनॅन्शिओमर समप्रमाणात असलेलं) मिश्रणही एकच डाग देतं. एनॅन्शिओमर ओळखण्यासाठी कायरल (आरशातल्या प्रतिमांमध्ये फरक करणारी) प्लेट वापरा, किंवा एखाद्या शुद्ध कायरल अभिकर्मकाशी अभिक्रिया करून आधी डायस्टिरिओमर बनवा.