कॅल्व्हर्ट क्लिफ्सला शार्कचे दात शोधताना: नजर कड्यावर नको, पाण्याच्या रेघेवर

आठ वर्षांच्या मुलाला घेऊन व्हर्जिनियाहून मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सला जायचंय, कधी जावं आणि फावडं-हातोडी न्यावी का, असं तुम्ही विचारलंय. हातोडी घरीच राहू द्या. स्टेट पार्कात कडा खणायला मनाई आहे, कड्याखालून चालायलाही. आणि ती पाळाच. कडा मातीचा आहे, काही ठिकाणी १०० फुटांवर जातो, लाटा पायथा पोखरतात आणि वरचा भाग न सांगता खाली येतो.

खणायची गरजही नाही. थर मायोसीन काळातले, साधारण १ ते २ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता तेव्हाचे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने सहसा टिकत नाही, पण एकेक शार्क जन्मभरात हजारो दात गाळतो. ते कड्यातून निसटून पाण्यात पडतात आणि लाटा बारीक खड्यांसोबत किनाऱ्यावर आणून टाकतात. शोधायचं त्या खड्यांच्या पट्ट्यात. नुसत्या वाळूत वेळ घालवू नका. खडे चाळायला स्वयंपाकघरातली पिठाची चाळण फार बारीक पडते, थोडी मोठ्या भोकांची घ्या.

वेळ सकाळची आणि ओहोटीची. हा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे पाण्याकडे बघत उकिडवं बसलात की समोरच्या कोवळ्या उन्हात दाताचं एनॅमल चमकतं. इथे भरती-ओहोटीत फरक जेमतेम फूटभराचा, म्हणून मी वाऱ्याकडे जास्त बघतो: वायव्येचा वारा पाणी चेसापीक उपसागराबाहेर ढकलतो आणि जास्त किनारा उघडा पडतो. वादळानंतरचा दिवस सगळ्यात चांगला. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी गर्दीने पार्क भरलं की गेट बंद करतात, शिवाय पाण्यात डंख मारणारे जेलीफिश असतात. मी थंडीतच जातो.

पार्किंगपासून किनाऱ्यापर्यंत जंगलातून जवळपास पावणेदोन मैल चालायचंय, तेवढंच परत. मुलाचे पाय दुखणार हे धरून चाला, खाऊ आणि पाणी न्या.

प्रत्येक काळा तुकडा दात नसतो. खालचं मूळ खरखरीत आणि बहुधा दुबेळकं, वरचं पातं गुळगुळीत, हे दोन्ही दिसलं तर उचला. खिळ्यासारखा लांब, बारीक दात सँड टायगर जातीच्या शार्कचा. रुंद, वाकडा आणि कडेला ठळक करवत, पण टोकाशी करवत नाही, तो हेमिप्रिस्टिस या शार्कचा. त्याचा एक भाऊबंद अजून हिंदी महासागरात पोहतो, आपल्या अरबी समुद्रातसुद्धा! फणीसारख्या रेघा असलेली काळी चकती मिळाली तर ती रे या चपट्या माशाच्या दाताची, ती फेकून देऊ नका.

मुलाला मेगॅलोडॉनचं, म्हणजे नामशेष झालेल्या महाकाय शार्कचं, आमिष मात्र दाखवू नका. त्याचा दात क्वचितच मिळतो, बहुतेक दात नखाएवढे असतात. त्याला मेगॅलोडॉनच बघायचा असेल तर परतताना सॉलोमन्सच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये न्या, तिथे त्याच्या सांगाड्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती टांगलेली आहे.