गोव्यात बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करतोय. डॉक्टर न होता अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर काम करता येईल का?

येतं. मी तेच करते. फोंड्यात बीएस्सी, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी, मग पीएचडी. आज रुग्णालयाच्या लॅबमध्ये रोजची कल्चरं, म्हणजे रोग्यांच्या नमुन्यांतून वाढवलेले जंतू, बघते आणि संशोधनही त्यांच्यातूनच निघतं. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वर्षाला आहात, नीट दोनदा हुकली, घरचे वेर्ण्याच्या औषध कंपनीत लागायला सांगतात आणि तुम्हाला मात्र जंतू औषधांना दाद का देत नाहीत हे शोधायचंय. माझं मत सरळ आहे: आधी रुग्णालयाची लॅब, मग संशोधन.

असं का, ते माझ्याच चुकीवरून सांगते. एमएस्सीनंतर मी एका खाजगी लॅबमध्ये लागले. एका आजींच्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू वाढला. सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधाच्या डिस्कभोवती (औषध लावलेली कागदी चकती) झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, चांगला मोठा होता, मी 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषध चालेल, असं लिहून मोकळी झाले. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, ताप उतरत नाही. तोच जंतू नव्या प्लेटवर लावला तर झोन आकसलेला. दोष आधीच्या प्लेटीत होता. जंतू ज्यावर वाढवतात त्या म्युलर-हिंटन अगारचा थर ४ मिलिमीटरचा हवा. घाईत आम्ही तो पातळ ओतला होता. थर पातळ असला की औषधाला खाली उतरायला जागा नसते, ते आडवं लांबवर पसरतं, झोन फुगतो, आणि औषधाला न जुमानणारा जंतू रिपोर्टवर गरीब दिसतो. त्या आठवड्यात कंट्रोल स्ट्रेन (ज्याचा झोन किती यायला हवा ते आधीच ठाऊक असतं असा जंतू) लावला असता तर त्याचाही झोन मर्यादेबाहेर गेला असता आणि आम्ही वेळीच सावध झालो असतो. लावला नव्हता. आजी बऱ्या झाल्या, पण आठवडाभर दवाखान्यात राहून, इंजेक्शनं घेऊन. त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी लॅबच्या काउंटरवर येऊन विचारायचा, "बाई, आता तरी नक्की ना?" ते मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, पुढे तुम्ही जीनोम वाचाल, जंतूला औषधापासून वाचवणारी एनडीएम-१ सारखी जनुकं शोधाल, पण प्लेटच खोटं बोलत असेल तर त्यावर रचलेला प्रबंधही खोटाच. आणि कुठली चाचणी कुठे चालत नाही, हे कळायला हाताखालून शेकडो नमुने जावे लागतात. कोलिस्टिनचंच घ्या. हे अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. त्याचा रेणू मोठा, अगारमधून नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कचा निकाल धरायचाच नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे द्रवात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने बदलत जंतू कुठे थांबतो ते बघणं, करावं लागतं. तरीही डिस्क लावून 'सेन्सिटिव्ह' लिहिलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. अशा रिपोर्टच्या भरवशावर आयसीयूतल्या माणसाला औषध दिलं जातं.

आता वाट. गोवा विद्यापीठाची एमएस्सी चांगलीच आहे, पण रुग्णालयाचीच ओढ असेल तर मेडिकल कॉलेजातली तीन वर्षांची एमएस्सी मेडिकल मायक्रोबायोलॉजी बघा. मणिपालला ती आहे, मडगावहून कोकण रेल्वेने उडुपी गाठता येतं. पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. त्यातून मिळणारी ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरच्यांना हा आकडा जरूर सांगा. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रतिरोधावर, म्हणजे याच रेझिस्टन्सवर, नजर ठेवणारं जाळं २०१३ पासून चालू आहे. त्याचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात, एक तरी मुळापासून वाचा. मोठ्या रुग्णालयांतल्या अशा प्रकल्पांवर बिगरडॉक्टर मुलांनाही घेतात.

अडचण लपवत नाही. रिपोर्टचा वैद्यकीय अर्थ लावून डॉक्टरांना सल्ला देणं हे एमडीचं काम आहे, आणि रिपोर्टवर आपल्यासारख्या बिगरडॉक्टरांच्या सहीवरून कोर्टापर्यंत वाद गेलेले आहेत. मेडिकल कॉलेजात शिकवायची दारं २०२० च्या नियमांनी आपल्याला बंद झाली होती, २०२५ मध्ये ती पुन्हा उघडली. नियम असे हलत राहतात, तेव्हा एकाच नोकरीवर सगळी भिस्त ठेवू नका.

वेर्ण्याची नोकरी वाईट नाही. स्टरिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे औषधं जंतुरहित आहेत ना हे तपासताना, हाताला जी शिस्त लागते ती आयुष्यभर पुरते, आणि घरची गरज असेल तर दोन वर्षं खुशाल करा. पण तिथे रोगी दिसत नाही, आणि तुमचा प्रश्न रोग्याचा आहे. पर्यावरणाच्या अंगाने जायचं असेल, म्हणजे सांडपाण्यातून नद्यांत काय उतरतं वगैरे, तर दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था आणि झुआरीनगरचं बिट्स जवळच आहेत.

संशोधनाचा पहिला प्रश्न मात्र लॅबच्या रजिस्टरमध्ये शोधा. ज्या लॅबमध्ये शिकायला मिळेल तिथे परवानगी घेऊन वर्षभराच्या कल्चरचा अँटिबायोग्राम, म्हणजे कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती टक्के चालतं याचा तक्ता, करा. हूनेट हे सॉफ्टवेअर त्यासाठी मोफत आहे. एका रोग्याचा एका जंतूचा पहिलाच नमुना धरायचा, नाहीतर आयसीयूत महिनाभर पडलेला एकच माणूस तुमचे सगळे टक्के फिरवतो. आणि एखाद्या जंतूचे ३० पेक्षा कमी नमुने असतील तर त्याची टक्केवारी काढून उपयोग नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वॉर्डात सर्रास दिलं जाणारं एक औषध निम्म्याहून जास्त ई. कोलायवर चालतच नाही असं दिसलं. फिजिशियननी तो कागद ड्युटी रूममध्ये चिकटवला. माझा पहिला शोधनिबंध त्याच्या बऱ्याच नंतर आला, पण समाधान त्या कागदाचं जास्त होतं.

२०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट या प्रतिरोधामुळे गेली, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेटने छापला. घरच्यांनी "याला पुढे काम आहे का?" असं विचारलं तर हे सांगा.

आणि लॅबमध्ये पाऊल टाकण्याआधी हेपॅटायटिस बीची लस घ्या. तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. या आठवड्यात सुरू केलीत तर एमएस्सीच्या प्रवेशापर्यंत पूर्ण होईल.